हर की दून : आखणी परतीच्या तिकिटापासून

हिमालयातल्या हर की दून ट्रेकची आखणी बहुतेक जण जाण्याच्या तारखेपासून सुरू करतात. सुट्टी मंजूर होते, जाण्याचं तिकीट निघतं आणि मग उरलेल्या दिवसांत ट्रेक कोंबला जातो. या कोंबाकोंबीत दोन रिकामे दिवस हमखास गळतात, आणि पुण्याहून जाणाऱ्यांचे ट्रेक जे फसतात ते बहुतेक त्याच दोन दिवसांपायी. म्हणून सुरुवात परतीच्या गाडीपासून करा आणि तिथून मागे मागे या.

उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यातलं गोविंद पशुविहार १९५५ साली अभयारण्य म्हणून जाहीर झालं आणि १९९० मध्ये त्याच्या एका भागाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. हर की दून ही त्यातली सुपीन नदीच्या उगमाकडची दरी, उंची सुमारे ३,५६६ मीटर. डोक्यावर स्वर्गारोहिणी (६,२५२ मीटर). पायथ्याचं गाव सांकरी, सुमारे १,९५० मीटरवर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे सांकरीत जीपमधून उतरता तेव्हाच तुम्ही कळसूबाईच्या माथ्यापेक्षा तीनशे मीटर वर असता आणि चालायला अजून सुरुवातही झालेली नसते.

आता वार धरून मोजू. दोन आठवड्यांनंतरच्या सोमवारी कामावर हजर व्हायचंय, तर रविवारी घरी पोचायला हवं. दिल्लीहून पुण्याच्या गाडीला साधारण सव्वा दिवस लागतो, म्हणून गाडी शनिवारची. शुक्रवारी डेहराडून ते दिल्ली. गुरुवारी सांकरी ते डेहराडून. बुधवार रिकामा. मंगळवारी ओसल्याहून उतरून सांकरी. सोमवार दुसरा रिकामा, वाट्टेल तसा वापरायला. रविवारी हर की दून. शनिवारी ओसला ते वरचा मुक्काम. शुक्रवारी तालुका ते ओसला. (तालुका हे सांकरीच्या पुढच्या गावाचं नाव आहे, आपल्याकडच्या जिल्हा-तालुक्याशी त्याचा संबंध नाही. ओसला हे त्याच्याही पुढचं गाव, आणि ओसल्याच्या समोरच्या काठावरच्या मुक्कामाचं नाव सीमा. फोनवर घरी समजावताना गोंधळ ठरलेला.) गुरुवारी डेहराडून ते सांकरी, बुधवारी दिल्ली ते डेहराडून, मंगळवारी रात्री दिल्ली, आणि सोमवारी संध्याकाळी पुणं स्टेशन.

म्हणजे कॅलेंडरवर पूर्ण दोन आठवडे, रजा साडेनऊ दिवस. विमानाने दिल्ली गाठली तर बुधवारी सकाळी निघून पुढच्या शुक्रवारी रात्री परत येता येतं, रजा आठ दिवस. वाचतात ते फक्त दीड दिवस आणि एक वीकेंड. त्यापायी किती पैसे मोजायचे ते ज्याचं त्याने ठरवावं, पण 'विमानाने गेलो तर आठवड्यात होतं' हा हिशेब बसत नाही. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं. वरच्या वेळापत्रकात परतीची गाडी जाण्याच्या गाडीनंतर बारा दिवसांनी आहे, तेव्हा परतीच्या तिकिटाचा दिवसही बारा दिवसांनी येतो. तो मोबाइलमध्ये वेगळा लावून ठेवा. मे महिना आणि दिवाळी या दोन्ही वेळी दिल्ली-पुणे तिकीट पहिल्या दिवशी काढलं तरच शांतपणे मिळतं.

दोन रिकाम्या दिवसांची कामं वेगळी आहेत, म्हणून ते एकमेकांना उसने देऊ नयेत. सोमवारचा दिवस शरीरासाठी आणि हवेसाठी. शनिवारी डोकं दुखलं तर तिथेच थांबता येतं, रविवारी पाऊस लागला तर हर की दून सोमवारी गाठता येतं. सगळं सुरळीत झालं तर सोमवारी सावकाश ओसल्यापर्यंत उतरा, नाहीतर हर की दूनच्या पुढे साधारण तीन किलोमीटरवरच्या मारिंदा तालाकडे जा. बुधवारचा दिवस रस्त्यासाठी. मसुरी, नैनबाग, नौगाव, पुरोला, मोरी, नैटवाड, सांकरी हा दोनशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. चांगल्या दिवशी नऊ-दहा तास. दरड आली की त्याच रस्त्याला किती वेळ लागेल, हे जेसीबी कुठून येतोय त्यावर. हा दिवस ट्रेकच्या आधी 'तयारीसाठी' म्हणून ठेवणारे लोक तो डेहराडूनमध्ये खरेदीत घालवतात, आणि उतरताना मोरीच्या अलीकडे गाड्यांच्या रांगेत बसून शनिवारची गाडी चुकवतात. तो ट्रेकच्या नंतरच हवा. दरड नाहीच आली तर सांकरीत कपडे वाळवा, झोपा, गावातून चक्कर मारा.

ऋतूचं थोडक्यात. एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत आणि सप्टेंबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याला सह्याद्रीत पावसात भटकायची सवय असते म्हणून तिकडेही तसंच जमेल असं वाटतं. तिकडचा पाऊस डोंगरच खाली आणतो, जाऊ नका. मे महिन्यात दुपारनंतर ढग भरतात, गडगडाट होतो, आणि वितळणाऱ्या बर्फामुळे ओढ्यांना दुपारी पाणी चढतं. सकाळी घोट्यापर्यंत असलेला ओढा चार वाजता गुडघ्याला लागतो. दिवाळीत आकाश स्वच्छ असतं, पण दरीत ऊन लवकर जातं आणि रात्री पारा शून्याखाली. तापमानाचा ढोबळ हिशेब घरबसल्या करता येतो: दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश कमी. पुणं ५६० मीटरवर, हर की दून त्याहून तीन हजार मीटर उंच, म्हणजे फक्त उंचीमुळे जवळपास वीस अंशांचा फरक. वारा आणि ओले कपडे यांचा हिशेब त्यात अजून धरलेलाच नाही.

आता उंची. सिंहगड आतकरवाडीतून पाऊण तासात चढणारे, रात्रीत कात्रज ते सिंहगड करणारे लोक हर की दूनची अंतरं बघून हसतात. दिवसाला दहा-बारा किलोमीटर, तेही बऱ्यापैकी रुळलेल्या वाटेने. पण सह्याद्रीत आपण चढतो आणि संध्याकाळी खाली येऊन झोपतो. इथे प्रश्न झोपायचं कुठे हा आहे. पर्वतीय वैद्यकाचा सर्वमान्य नियम असा, की तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. ओसला सुमारे २,६०० मीटरवर. तिथून एका दिवसात थेट हर की दूनला जाऊन झोपलात तर उडी जवळपास हजार मीटरची होते. तरणाताठा, रोज टेकडी चढणारा माणूसही यात आडवा होतो, कारण फुप्फुसांची ताकद आणि विरळ हवेची सवय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उलट तंदुरुस्त माणूस भरभर चढतो आणि आधी सापडतो.

म्हणून ओसला आणि हर की दून यांच्या मधल्या कलकत्तियाधारच्या बाजूला मुक्काम करायचा, हर की दूनला दिवसा जायचं, दोन-तीन तास बसायचं आणि खाली येऊन झोपायचं. नियमांच्या दृष्टीनेही हेच सोयीचं. उत्तराखंड उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये बुग्यालांवर, म्हणजे वरच्या गवताळ कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली. तंबू कुठे चालतात ते नैटवाडच्या वनचौकीवर परवाना काढतानाच विचारून घ्या. प्रत्येकाच्या ओळखपत्राच्या दोन-दोन छायाप्रती बरोबर असू द्या. सांकरीत वीज असतेच असं नाही, मग झेरॉक्स कुठली? रोख पैसेही आधीच घ्या. पुरोल्याच्या पुढे एटीएमच्या भरवशावर राहू नका आणि शंभराच्या नोटा जास्त ठेवा.

डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं यातलं काही दिसलं की त्या दिवशी वर जायचं नाही. पाणी प्या, विश्रांती घ्या, सकाळी बरं वाटलं तर पुढे. बसल्या जागी धाप लागत असेल, खोकला वाढत असेल, किंवा एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना लावत सरळ रेषेत चालता येत नसेल, तर सकाळची वाट न बघता खाली उतरवायचं. ॲसिटाझोलामाइडची गोळी प्रतिबंधासाठी साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून देतात, पण सल्फाची ॲलर्जी, मूत्रपिंडाचे विकार वगैरे पाहून डॉक्टरांनी दिली तरच. मित्राच्या डबीतली घेऊ नका. आणि ही गोळी घेतली म्हणून मधला मुक्काम गाळायचा, हा व्यवहार करू नका.

सराव आठ आठवडे पुरेसा. आठवड्यात दोन दिवस वेताळ टेकडी किंवा तळजाई, शनिवार-रविवारी सिंहगड. आतकरवाडीची वाट साधारण सहाशे मीटर चढवते, म्हणजे ट्रेकमधल्या एका मोठ्या दिवसाइतका चढ. पहिले तीन आठवडे ओझ्याशिवाय, मग पाठीवर पाण्याच्या बाटल्या भरून पाच किलो, सहाव्या आठवड्यापासून आठ-नऊ किलो. वर पोचल्यावर पाणी ओतून हलक्या पिशवीने उतरायची युक्ती गुडघ्यांसाठी चांगली, पण शेवटचे तीन आठवडे ओझ्यासह उतरायलाच हवं. मांड्यांचे स्नायू दुखतात ते उतरताना, आणि सोमवार-मंगळवार सगळा उतारच आहे. शेवटच्या दोन वीकेंडना शनिवारी आणि रविवारी लागोपाठ गड करा. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना जे वाटतं, ते ट्रेकच्या तिसऱ्या दिवशी वाटणार आहे.

बुटांवर जरा थांबू, कारण इथे पुण्याची हवा आडवी येते.

कपाटात पाच-सहा वर्षं जपून ठेवलेले, दोनदाच वापरलेले महागाचे ट्रेकिंग बूट हे सर्वांत धोक्याचे. अनेक बुटांच्या तळव्याच्या मधला मऊ थर पॉलियुरेथेनचा असतो. हवेतली दमट ओल तो थर हळूहळू तोडत जाते, आणि बूट वापरात नसताना, पावसाळाभर बंद कपाटात, हे जास्त होतं. बाहेरून बूट नवाकोरा दिसतो. तालुक्यापासून पाचेक किलोमीटर गेल्यावर टाचेकडून तळवा उघडतो, जिभेसारखा लोंबायला लागतो आणि आतून पिवळसर चुरा पडतो. तपासायची पद्धत सोपी आहे. मधल्या थरावर नखाने जोरात दाबा. खूण तशीच राहिली, किंवा बूट वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या, तर तो बूट गेला. दुरुस्तीवाल्याकडून कडेने शिवून घेतल्याने काही होत नाही. कुजलेल्या थरात टाका धरतच नाही. निघायच्या दोन महिने आधी तपासा म्हणजे नवे घेऊन सत्तर-ऐंशी किलोमीटर चालून रुळवायला वेळ राहतो.

तरीही वाटेत तळवा सुटलाच तर ओल्या बुटावर चिकटपट्टी टिकत नाही. तीन मीटर नायलॉनची बारीक दोरी प्रत्येकाकडे हवी. तळव्याच्या खाचांमधून आडवे दोन वेढे, एक वेढा पायाच्या कमानीखालून, आणि गाठ वर लेसवर. दगडावर घासून दोरी तुटते, म्हणून दर दोन तासांनी बघायची. अशा बुटावर सांकरीपर्यंत येता येतं. वर जाऊ नये. दोरी, जाड प्लास्टिक, ताडपत्रीचा तुकडा हे सगळं रविवार पेठेत बोहरी आळीत एका फेरीत होतं. तिथूनच जाड प्लास्टिकच्या मोठ्या पिशव्या घ्या. सॅकवरचं पावसाळी कव्हर पाठीकडून येणारं पाणी अडवत नाही. सॅकच्या आत अस्तरासारखी पिशवी घालून त्यात स्लीपिंग बॅग आणि कोरडे कपडे ठेवायचे.

स्वयंपाक स्वतः करणार असाल तर आधी इंधन. गॅसचा डबा विमानात चालत नाही आणि रेल्वेतही ज्वालाग्राही वस्तूंना बंदी आहे. तो डेहराडूनला घ्या किंवा सांकरीत भाड्याची सोय आधी फोन करून पक्की करा. डब्यात कोणता गॅस आहे ते वाचा. साधा ब्युटेन शून्याच्या आसपास वायुरूप व्हायचं थांबतो, म्हणजे डबा भरलेला असूनही सकाळी ज्योत मेणबत्तीएवढी. आयसोब्युटेन-प्रोपेनचं मिश्रण थंडीत चालतं, पण तोही डबा रात्री स्लीपिंग बॅगेत पायाशी घेऊन झोपा. प्रमाण: दोघांचा चहा, नाश्ता, रात्रीची खिचडी आणि पिण्याचं गरम पाणी मिळून दिवसाला चार लिटर धरा. गार पाण्याचा एक लिटर उकळायला बारा ग्रॅम, अधिक शिजवण्याचा गॅस, असे दिवसाला साठ-पासष्ट ग्रॅम. चार दिवसांचे अडीचशेच्या आसपास जातात, म्हणजे २३० ग्रॅमचा एक डबा पुरत नाही. दोन घ्या. आणि तंबूच्या आत स्टोव्ह लावू नका, कितीही थंडी असली तरी.

साडेतीन हजार मीटरवर पाणी साधारण ८८ अंशांना उकळतं. तूरडाळ तिथे तासभर उकळूनही दाण्याला दाणा राहते, तेव्हा वरण-भाताचा हट्ट पुण्यात सोडून निघा. मुगाची डाळ आणि बारीक तांदूळ चार तास भिजवले तर झाकण ठेवून शिजतात. सकाळसाठी उपम्याचं कोरडं मिश्रण सर्वांत खात्रीचं. माणशी सत्तर ग्रॅम रवा खमंग भाजायचा, तेलात मोहरी, मिरची आणि कढीलिंब पार कुरकुरीत होईपर्यंत परतून त्यात मिसळायचे, मीठ-साखर घालून पूर्ण गार झाल्यावरच पिशवीत भरायचं. गरम भरलंत तर आत वाफ धरते आणि आठ दिवसांत वास येतो. कांदा घालायचाच तर तळून पूर्ण कोरडा केलेला. वर एका वाटीला तीन वाट्या उकळतं पाणी, गॅस बंद, टोपीत गुंडाळून दहा मिनिटं. चालताना खायला शेंगदाण्याची चिक्की, खजूर, सातूच्या पिठाचे लाडू. उंचीवर भूक मरते तेव्हा गोड नकोसं होतं. शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट तेव्हा कामी येतात. कोरडा शिधा माणशी दिवसाला सहाशे ते सातशे ग्रॅम.

पाणी झऱ्याचं असलं तरी वर मेंढ्यांचे कळप असतात. उकळा, नाहीतर गाळा. क्लोरीनच्या गोळ्या थंड पाण्यात सावकाश काम करतात, पाकिटावर अर्धा तास लिहिला असेल तर तासभर थांबा. बारीक नळ्यांचा फिल्टर वापरत असाल तर एक लक्षात ठेवा: ओला फिल्टर रात्री गोठला की आतल्या नळ्या चिरतात. सकाळी पाणी येतं, नेहमीपेक्षा छान येतं, कारण आता ते गाळलंच जात नाही. तोही स्लीपिंग बॅगेत. बॅगेत गॅस, फिल्टर, पॉवर बँक आणि तुम्ही. दाटीवाटीने झोपायची तयारी ठेवा.

चालायची वेळ सकाळी साडेसहा ते दुपारी दीड. रात्रीचा ट्रेक ही पुण्याची लाडकी गोष्ट इथे चालणार नाही. काळं अस्वल या जंगलात आहे आणि त्याची वर्दळ तिन्हीसांजेला आणि पहाटे असते. वर पोचल्यावरच्या घोषणाही घरी ठेवा, हे राष्ट्रीय उद्यान आहे. ओसल्यात सोमेश्वराचं देवदारी लाकडाचं सुंदर मंदिर आहे. विचारल्याशिवाय ओट्यावर चढू नका, कशाला हात लावू नका.

सांकरीच्या पुढे मोबाइलवर विसंबू नका. परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं बाळगणं भारतात गुन्हा आहे, परदेशातल्या मित्राने दिलं म्हणून आणू नका. त्याऐवजी घरी एक कागद द्या. त्यावर मुक्कामांची नावं तारखांसह, सांकरीतल्या वाटाड्याचा नंबर, प्रत्येकाचा रक्तगट, आणि ११२. शेवटचा फोन गुरुवारी रात्री सांकरीतून, पुढचा मंगळवारी संध्याकाळी. मंगळवारी आला नाही तर बुधवारी संध्याकाळपर्यंत थांबायचं, मग आधी वाटाड्याला आणि नंतर ११२ ला फोन करायचा. त्याआधी नातेवाइकांत फोनाफोनी करायची नाही, हेही त्याच कागदावर ठळक अक्षरात लिहा.